बावचीच्या बिया आणि उन्हाचे औषध

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव अकोला-वाशिम मार्गावर वसलेले असून त्याच्या एका अंगाला जंगल आणि दुसऱ्या अंगाला सोयाबीन-तुरीची काळी जमीन आहे. पश्चिम विदर्भातील अशा काळ्या जमिनीत, विशेषतः धुऱ्यांवर, पडीक तुकड्यांत आणि रस्त्याकडेच्या चाऱ्यांत, पावसाळ्यानंतर जी रानटी झुडपे वाढतात त्यांपैकी एक म्हणजे बावची होय. संस्कृत ग्रंथांत ती बाकुची, सोमराजी आणि अवल्गुज या नावांनी येते, तर वनस्पतिशास्त्रात सोरालिया कोरिलिफोलिया या लिनियसने 1753 साली दिलेल्या नावाने ती दीर्घकाळ ओळखली गेली. अलीकडचे वर्गीकरणकार तिचा समावेश कुलेन या प्रजातीत करतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे एक तण आहे, परंतु याच तणाच्या बियांनी भारतीय आणि चिनी अशा दोन प्राचीन वैद्यकपरंपरांत स्थान मिळवले, विसाव्या शतकात त्वचारोगांच्या प्रकाशोपचाराच्या संशोधनाला हातभार लावला आणि एकविसाव्या शतकात त्यांतील एक रेणू जगभरच्या सौंदर्यप्रसाधनांत जाऊन पोहोचला.

बावची ही वर्षायू, म्हणजे एका वर्षात जीवनक्रम पूर्ण करणारी, सरळ वाढणारी वनस्पती असून तिची उंची साधारणपणे गुडघ्यापासून कमरेपर्यंत, चांगल्या जमिनीत त्याहून थोडी अधिक भरते. पाने गोलसर व कडेला दंतुर असतात आणि त्यांवर बारीक काळसर ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे तैलग्रंथी होत. पानांच्या बगलेतून निघणाऱ्या लांब देठांवर फिकट जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात, आणि पुढे प्रत्येक फुलाच्या जागी एकच बी असलेली, काळी, न उकलणारी चिमुकली शेंग तयार होते. शेंगेची साल बीला इतकी घट्ट चिकटलेली असते की व्यवहारात ज्याला ‘बावचीचे बी’ म्हणतात ते प्रत्यक्षात सालीसकट संपूर्ण फळ असते. ते चुरडले असता उग्र वास येतो आणि चव कडवट-तिखट लागते. सोयाबीन, तूर आणि हरभरा ज्या शिंबी कुळात मोडतात त्याच कुळातील ही वनस्पती आहे, आणि या नात्याचे महत्त्व पुढे तिच्या रसायनांचा विचार करताना लक्षात येते.

भारतीय परंपरेत बावचीचे नाव मुख्यतः त्वचारोगांशी, त्यातही श्वित्र या विकाराशी जोडलेले आहे. श्वित्र किंवा किलास म्हणजे बोलीभाषेतील कोड: त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे अंगावर पांढरे डाग पडणे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात अशा डागांवर वापरायच्या वनस्पतीला उद्देशून रचलेली सूक्ते आहेत, मात्र ती वनस्पती नेमकी कोणती याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. संहिताकाळात चित्र अधिक स्पष्ट होते. वाग्भटाने अष्टांगहृदयात तीव्र कुष्ठाच्या रुग्णाला वर्षभर काळ्या तिळांसह सोमराजी नियमाने खाण्याचा प्रयोग सांगितला आहे, तर सोळाव्या शतकातील भावप्रकाशात बावचीचे फळ कुष्ठनाशक, परंतु पित्त वाढवणारे असल्याची नोंद आहे. येथे ‘कुष्ठ’ या शब्दाचा अर्थ केवळ महारोग असा नसून त्यात अनेक त्वचाविकारांचा समावेश होतो.

या संदर्भात चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातवा अध्याय विशेष लक्षणीय आहे. त्यात श्वित्राच्या रुग्णाला मलपू, म्हणजे काकोदुंबरिका या रानउंबराचा रस गुळासह पाजून, त्यानंतर त्याने आपल्या शक्तीप्रमाणे उन्हाचा ताप घ्यावा, आणि डागांवर फोड आल्यास ते काट्याने फोडावेत, असा क्रम दिलेला आहे. वनस्पती बावची नसून उंबराच्या जातीतील आहे, पण उंबर-अंजिराच्या वर्गातील वनस्पतींतही बावचीत आढळणाऱ्या रसायनांच्या जवळची द्रव्ये असतात. औषध पोटात घेणे, त्यानंतर त्वचेवर ऊन घेणे आणि येणाऱ्या फोडांना उपचाराचाच एक टप्पा मानणे, ही तीन पावले ज्या निरीक्षणातून ठरली ते निरीक्षण असे होते की औषध एकटे काम करत नाही. त्याला सूर्यप्रकाशाची जोड लागते. या निरीक्षणाचे रासायनिक स्पष्टीकरण मिळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

चिनी वैद्यकात हेच बी ‘बूगूजी’ या नावाने येते, आणि तेथील त्याचा प्रवेश समुद्री व्यापाराशी निगडित आहे. चीनच्या सर्वांत जुन्या वनौषधिग्रंथात, म्हणजे शेननोंगच्या नावे प्रसिद्ध असलेल्या संहितेत, ते नाही. दहाव्या शतकात सोंग राजवटीने तयार करविलेल्या सरकारी वनौषधिकोशात मात्र त्याची नोंद असून, ते दक्षिण चीनच्या किनारी प्रांतांत आणि पर्शियात मिळते असे तेथे म्हटले आहे. 1061 साली सिद्ध झालेल्या सचित्र वनौषधिग्रंथात सू सोंग या पंडिताने ते परदेशी जहाजांतून येणारे द्रव्य असल्याचे आणि त्याचे नावही परकीयांच्या उच्चारावरून पडल्याचे लिहिले, व त्याबरोबर तांग काळातील एक कथाही दिली. दक्षिणेकडील प्रांताचा अधिकारी असलेला जेंग नावाचा पंचाहत्तर वर्षांचा मंत्री दमट हवेने आजारी पडून निःशक्त झाला असता, 812 साली हेलिंग, म्हणजे जावा बेटावरील राज्यातून आलेल्या एका जहाजमालकाने त्याला बूगूजी, अक्रोड आणि मध यांचा पाठ दिला. मंत्र्याने आधी संशय धरला, पण अखेर ते औषध घेतल्यावर सात-आठ दिवसांत त्याला उतार वाटू लागला आणि राजधानीत परतल्यावर त्याने तो पाठ लिहून इतरांना दिला. कथेतील तपशील कितपत विश्वसनीय आहेत हा प्रश्न बाजूला ठेवला तरी भारतीय महासागराच्या व्यापारी मार्गाने हे बी चीनमध्ये रुजले, एवढे त्यातून स्पष्ट होते.

चिनी वैद्यांनी मात्र ते भारतीयांप्रमाणे प्रामुख्याने त्वचेसाठी वापरले नाही. त्यांच्या शरीरकल्पनेत वृक्क हे केवळ मूत्र गाळणारे इंद्रिय नसून वाढ, प्रजनन, हाडे आणि शरीराची मूळ उष्णता यांचे अधिष्ठान मानले जाते, आणि या उष्णतेला ते यांग म्हणतात. बूगूजी हे वृक्काची यांग वाढवणारे औषध ठरल्यामुळे त्याचा उपयोग कंबर-गुडघ्यांचे दुखणे, वारंवार लघवी होणे, वीर्यस्खलन आणि पहाटेच्या सुमारास होणारे जुनाट जुलाब यांवर होऊ लागला. बूगूजी, जायफळ, इव्होडियाची फळे आणि शिझांड्रा यांपासून बनणारी ‘चार देवांची गोळी’ ही या पहाटेच्या जुलाबांवरची प्रसिद्ध कृती असून चिनी औषधालयांत ती आजही मिळते. कंबरदुखीसाठी बूगूजी, अक्रोड आणि युकोमिया या झाडाची साल एकत्र करणारी कृती सोंग काळापासून प्रचारात आहे. डागांवर बीचा अर्क लावण्याचा वापर आधुनिक चीनमध्ये आढळतो, परंतु चिनी वैद्यकात या बीची मुख्य ओळख आजही हाडे आणि वृक्क यांचे औषध अशीच आहे.

एकाच बीचा दोन परंपरांनी इतका भिन्न उपयोग करावा, याचे कारण त्या बीच्या रासायनिक घडणीत आहे. बावचीच्या बीत एक नव्हे, तर अनेक प्रकारची क्रियाशील द्रव्ये असतात. पहिला गट फ्युरोकूमारिनांचा असून त्यांत सोरालेन आणि आयसोसोरालेन ही प्रमुख आहेत. दुसरा गट फ्लॅव्होनॉइडांचा असून बावाचिन, बावाचिनिन, कोरिलिन, निओबावाआयसोफ्लॅव्होन अशी त्यांतील काहींची नावे आहेत; यांतील आयसोफ्लॅव्होने ही सोयाबीनमधील आयसोफ्लॅव्होनांशी नाते सांगणारी असून त्यांची घडण इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाशी काही अंशी जुळते. तिसऱ्या प्रकारात बाकुचिऑल हा तेलकट रेणू येतो, ज्याचा अर्धा भाग फिनॉलाचा आणि अर्धा भाग सुगंधी तेलांत आढळणाऱ्या टर्पीनाचा असतो.

या रेणूंचा शोध हे मुख्यतः भारतीय प्रयोगशाळांचे काम आहे. 1920 च्या दशकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बावचीचे घटक व औषधी क्रिया यांचा पद्धतशीर अभ्यास केला. 1933 साली जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या संशोधकांनी बियांतून सोरालेन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे नाव वनस्पतीच्या प्रजातीनामावरूनच आले. महाराष्ट्राचा वाटा त्यानंतरचा आहे. पुण्यात पाषाण येथे 1950 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वनौषधींतील टर्पीनांवर काम चालू असताना, 1966 साली गोवर्धन मेहता, यू. रामदास नायक आणि सुख देव यांनी बावचीच्या बियांतून एक नवा रेणू वेगळा करून त्याची रचना निश्चित केली आणि त्याला बाकुचिऑल असे नाव दिले. दोन वर्षांनी याच प्रयोगशाळेतून बावचीतील नव्या फ्लॅव्होनॉइडांचीही माहिती प्रसिद्ध झाली. मेहता पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले.

चरकाने वर्णिलेल्या क्रमातील उन्हाचे प्रयोजन सोरालेनाच्या रचनेवरून कळते. हा रेणू सपाट असल्यामुळे तो पेशीकेंद्रातील डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये पाचरेसारखा सहज शिरतो, पण अंधारात तो तेथे फारसे काही करत नाही. त्यावर 320 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘ए’ प्रकारचे अतिनील किरण पडले की मात्र तो उत्तेजित होऊन डीएनएच्या घटकांशी रासायनिक बंध जोडतो, आणि कधी कधी शिडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना जखडून टाकतो. यामुळे वेगाने विभागणाऱ्या पेशींची वाढ थांबते व त्वचेतील रोगप्रतिकारक पेशींचे कार्य मंदावते. त्याच वेळी उरलेल्या रंगपेशींना वाढण्याची आणि मेलॅनिन तयार करण्याची चालना मिळते. कोड हा बहुतेक वेळा स्वप्रतिकारक विकार असतो, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशीच रंगपेशींवर हल्ला करतात. त्यामुळे हल्ला शमवणे आणि रंगपेशी वाढवणे या दोन्ही गोष्टींचा उपयोग होतो. नव्या रंगपेशी मुख्यतः केसांच्या मुळांतून येत असल्याने डागात रंग परत येतो तो केसांभोवतीच्या बारीक ठिपक्यांच्या रूपाने. चेहरा व मानेवरील डाग तुलनेने लवकर भरतात, पण बोटांची टोके आणि ओठ येथे केसमुळे नसल्यामुळे गुण कमी येतो.

या ज्ञानाचे आधुनिक उपचारात रूपांतर होण्यास इजिप्तमधील संशोधनाने गती दिली. अम्मी माजुस या तेथील वनस्पतीचे बी डागांवर उन्हाच्या जोडीने वापरण्याची जुनी प्रथा होती, आणि 1940 च्या दशकात त्यातून सोरालेनाचाच जवळचा नातलग, मेथॉक्सालेन, वेगळा करण्यात आला. कैरोचे अब्दुल मोनेम एल मोफ्ती यांनी तो कोडाच्या रुग्णांवर वापरून पाहिला. 1974 साली पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम आणि पाठक यांनी सोरियासिसवर मेथॉक्सालेन आणि विशेष दिव्यांचे अतिनील किरण यांच्या एकत्रित वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि सोरालेन व अतिनील किरण यांच्या आद्याक्षरांवरून ‘पुवा’ हे नाव रूढ झाले. भारतात, विशेषतः जेथे असे दिवे सहज मिळत नाहीत तेथे, दिव्याऐवजी सूर्यप्रकाश वापरण्याची पद्धत त्वचारोगतज्ज्ञांनी अवलंबली. तिला ‘पुवासोल’ म्हणतात. तीत औषध घेतल्यावर सुमारे दोन तासांनी, एक दिवसाआड, काही मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत ऊन घ्यावयाचे असते. विदर्भासारख्या प्रदेशात, जेथे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेथे मिनिटांचा हा हिशेब चुकल्यास त्वचा गंभीररीत्या भाजू शकते.

सोरालेनाची उपकारकता आणि त्याचा धोका ही एकाच रासायनिक क्रियेची दोन टोके आहेत. डीएनएला जखडणारा रेणू रोगट पेशींप्रमाणे निरोगी पेशींवरही काम करतो. अमेरिकेत 1970 च्या दशकात पुवा उपचार सुरू केलेल्या 1,380 रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केल्यानंतर, उपचारांची संख्या वाढत गेली तसा त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका लक्षणीय वाढल्याचे दिसले, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मेथॉक्सालेन व अतिनील ‘ए’ किरणांच्या जोडीला मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवले. औषध घेतल्यावर डोळ्यांनाही किरणांपासून जपावे लागते. 1997 मध्ये नेदरलँड्समधील एका अभ्यासाने सुमारे 311 नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील अतिनील ‘बी’ किरणांचा, सोरालेनाशिवाय दिला जाणारा उपचार कोडावर परिणामकारक व अधिक सुरक्षित असल्याचे दाखवले, आणि आज बऱ्याच ठिकाणी त्यालाच प्राधान्य दिले जाते. 2022 मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब हे मलमही कोडासाठी मान्य झाले. बावचीचे वैद्यकीय महत्त्व यामुळे कमी झाले असले तरी या उपचारांमागील ‘त्वचा, औषध आणि प्रकाश’ हा विचार रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

बाकुचिऑलाची कथा याहून वेगळी आहे, कारण तो रेणू प्रकाशाने विषारी बनत नाही. त्वचेवरील सुरकुत्या व काळपट डाग कमी करण्यासाठी जीवनसत्त्व ‘अ’ चे रेटिनॉल हे रूप दीर्घकाळ वापरले जाते, परंतु त्याने त्वचा कोरडी पडते, सोलवटते आणि झोंबते. 2014 च्या सुमारास प्रयोगशाळेतील अभ्यासांतून असे दिसले की बाकुचिऑलाची रचना रेटिनॉलाशी मुळीच जुळत नसली तरी त्वचापेशींतील ज्या जनुकांवर रेटिनॉल काम करते त्यांपैकी अनेकांवर तोही काम करतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 44 व्यक्तींना बारा आठवडे 0.5 टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा किंवा 0.5 टक्के रेटिनॉल दिवसातून एकदा लावण्यास दिले असता, सुरकुत्या आणि डाग दोन्ही गटांत सारखेच कमी झाले, पण सोलवटणे व झोंबणे रेटिनॉलाच्या गटात अधिक होते. चाचणी लहान असली तरी तिने बाकुचिऑलाला जागतिक बाजारपेठ मिळवून दिली. मात्र शुद्ध बाकुचिऑल आणि बाजारात मिळणारे बावचीचे तेल यांत गल्लत करणे धोक्याचे आहे, कारण कच्च्या तेलात सोरालेनही असू शकते, आणि ते लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे फोड येऊन पुढे काळे डाग राहतात.

चिनी परंपरेतील हाडांच्या दाव्याचीही तपासणी झाली आहे. अंडाशय काढलेल्या उंदरांवरील आणि हाडे घडवणाऱ्या पेशींवरील अनेक प्रयोगांत बावचीच्या घटकांनी हाडांची झीज मंदावल्याचे आढळले असून, इस्ट्रोजेनसदृश फ्लॅव्होनॉइडांमुळे ते घडत असावे असा कयास आहे. परंतु प्राण्यांवरील निष्कर्ष थेट माणसाला लागू करता येत नाहीत. याउलट, बी पोटात घेण्याचा तोटा माणसांतच दिसून आला आहे. बूगूजी असलेल्या, हाडांसाठी विकल्या जाणाऱ्या तयार चिनी औषधांमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदवल्या गेल्यावर 2016 मध्ये चीनच्या औषधनियंत्रकांनी अशा एका लोकप्रिय औषधाबाबत सावधगिरीची सूचना काढली, आणि कोडासाठी बावचीयुक्त आयुर्वेदिक औषधे घेतलेल्या रुग्णांतही यकृतविकाराची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत.

दोन्ही परंपरांना या बीच्या उग्रतेची जाणीव होती, हे त्याच्या शुद्धीकरणाच्या रीतींवरून दिसते. आयुर्वेदात बी गोमूत्रात किंवा आल्याच्या रसात काही दिवस भिजवून, मग सुकवून वापरण्याचा दंडक आहे. चिनी वैद्यांनी ते रात्रभर मद्यात भिजवून, पाण्यात ठेवून, वाफवण्याची कृती सांगितली, आणि पुढे मिठाच्या पाण्यासह भाजण्याची पद्धत रूढ झाली. या क्रियांनी बीतील द्रव्यांचे प्रमाण बदलते, पण ती पूर्ण निर्धोक होतात असे मानता येत नाही.

महाराष्ट्रात कोडाचा प्रश्न औषधापुरता कधीच मर्यादित राहिलेला नाही. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या संज्ञेमुळे तो महारोगाशी जोडला गेला आणि लग्नसंबंधांत, नोकरीत व शेजारात त्याचा कलंक मानला गेला, वस्तुतः कोड संसर्गजन्य नाही व त्याने जीवाला धोकाही नसतो. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्थापन केलेल्या श्वेता असोसिएशनने कोड असलेल्यांचे स्वमदत गट उभे केले, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी 2006 मध्ये ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावर केला. कलंकाच्या दडपणाखाली असलेला माणूस ‘हमखास गुण’ सांगणाऱ्या लेपाच्या मागे लागतो, आणि बावचीचे बेहिशेबी वापर बहुधा याच मार्गाने घडतात. त्यामुळे अशा संस्थांचे काम औषधोपचाराइतकेच महत्त्वाचे ठरते.

बावचीच्या अभ्यासातून निघणारा निष्कर्ष वनौषधींच्या एकूण चर्चेलाच लागू पडतो. ‘नैसर्गिक’ असणे हे द्रव्य सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र नव्हे, आणि प्राचीन ग्रंथातील उल्लेख हा परिणामाचा पुरावा नसला तरी कोठे शोधावे याची दिशा तो देऊ शकतो. मेडशीच्या धुऱ्यावरील बावचीत बाकुचिऑल आहे, सोरालेन आहे आणि यकृताला त्रास देऊ शकणारी द्रव्येही आहेत. ती एकाच बीत एकत्र असल्यामुळे बी चघळून किंवा पूड लावून त्यांतील हवे तेवढेच घेणे शक्य नसते. गर्भवती, यकृताचे रुग्ण, लहान मुले आणि आधीच उन्हाने त्वचेवर चट्टे येणारे लोक यांनी ती वैद्यकीय देखरेखीशिवाय वापरू नये, आणि कोड असलेल्याने प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घ्यावे, कारण पांढरा डाग म्हणजे प्रत्येक वेळी कोड नसतो. कोणता रेणू, किती मात्रेत, कोणत्या प्रकाशात आणि कोणत्या माणसाला द्यायचा, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्या बीला औषध म्हणता येते.